सासऱ्याचं नाव

सरकारनं बाल्ताबेकला सगळं परत दिलं. हुद्दा दिला, पदकं दिली, कमरेची तलवार दिली, एवढंच काय, जप्त केलेलं मनगटी घड्याळसुद्धा दिलं, तेही चालू. ज्या तोंडानं ‘देशद्रोही’ म्हटलं होतं त्याच तोंडानं ‘चूक झाली, कॉम्रेड’ म्हटलं आणि वर रजा दिली: घरी जाऊन या, जरा अंगावर मांस चढू द्या, मग डिव्हिजनचा ताबा घ्या. त्या हिवाळ्यात फिनलंडच्या बर्फात सैन्याची पुरती शोभा झाली होती. तेव्हा कुठे वरच्यांच्या डोक्यात उजेड पडला, की आपले निम्मे सेनापती आपणच कोठडीत नाहीतर मातीत घातलेत. मातीतले काही परत येत नाहीत. कोठडीतले जे उरले होते त्यांना धुऊन-पुसून बाहेर काढणं सुरू झालं.

जून लागला होता. गावानं इली नदीकाठच्या कुरणात उन्हाळी तळ टाकला होता, लोकरी नमद्याची गोल घरं उभी होती, दुभत्या घोड्यांची शिंगरं एका लांब दोरीला ओळीनं बांधलेली होती. सरकारी मोटार दिसली तशी माणसं, कुत्री, म्हाताऱ्या सगळी धावली. सगळ्यांच्या पुढे सामुदायिक शेताचा अध्यक्ष दुइसेन, हातात एका लठ्ठ मेंढ्याची दोरी.

“कॉम्रेड कमांडर! मी म्हणतच होतो! रोज म्हणायचो, आपला वाघ परत येणार! विचारा कुणालाही!”

“कुणाला विचारायचं रे?” गर्दीतून एक म्हातारी करवादली. “शाळेतला त्यांचा फोटो काढून चुलीत कुणी घातला, मी?”

“काळ तसा होता, आजी.”

“काळ कुठला तसा? तू तसा!”

लोक हसले. दुइसेनही हसला, असल्या माणसांची कातडी गेंड्याची असते. बाल्ताबेक मात्र हसला नाही. त्याला दुइसेनचा संताप यायला हवा होता, येईना. दुसऱ्यावर रागवायला आपले पाय आधी घट्ट जमिनीवर असावे लागतात.

घराच्या दाराशी त्याची बायको राबिगा उभी होती, पदरानं, म्हणजे तिच्या त्या पांढऱ्या शिरोवस्त्राच्या टोकानं, डोळे टिपत. तिच्या मागे सून, झुपार. सुनेनं रिवाजाप्रमाणे गुडघे वाकवून नमस्कार केला. ‘सुखी राहा, पोरी’ एवढंच म्हणायचं होतं त्याला. तेवढंही म्हटलं नाही. पोरीचा चेहरा थेट बापाचा होता, तेच रुंद गाल, तेच शांत बारीक डोळे. तो तिच्याकडे न बघता आत शिरला आणि लोकांना वाटलं, केवढं भरून आलंय बिचाऱ्याला.

तिचा बाप कोबेगेन. आता बाल्ताबेकची गोष्ट कोबेगेनला वगळून सांगताच येत नाही. दोघं एकाच वस्तीवरचे, दोघं दुसऱ्याची मेंढरं राखत वाढलेले, दोघं एकाच दिवशी लाल घोडदळात भरती झाले. बाल्ताबेकला आवाज होता, नजर होती, शंभर माणसं एका हाकेवर वळवायची हातोटी होती. कोबेगेनला फक्त घोडी कळत. एकदा बाल्ताबेकच्या मांडीत गोळी बसली तेव्हा कोबेगेननं त्याला आपल्या खोगिरावर आडवा टाकला आणि दिवसभर बर्फातून स्वतः पायी चालला. लढाई संपली. “मला माणसं हाकता येत नाहीत बाबा,” म्हणत कोबेगेन परत घोडेराख्या झाला, आणि बाल्ताबेक चढत गेला. आधी तुकडी, मग रेजिमेंट, मग अख्खी ब्रिगेड. मॉस्कोला शिकून आला. वर्तमानपत्रात फोटो आले. मेंढरं राखणारा पोर सेनापती झाला म्हणून पोरांना पुस्तकात धडे आले.

पण एवढा मोठा झाला तरी मुलगी मागायला तो कोबेगेनच्याच दारात गेला, हेही खरं. त्याच्या मुलाला, एर्मेकला, कोबेगेनची झुपार हवी होती. झुपार गावच्या शाळेत मास्तरीण. सोयरीक ठरली त्या दिवशी दोघा व्याह्यांनी एकमेकांच्या तोंडात मेंढीच्या शेपटाची चरबी आणि काळीज भरवलं. हे एकदा खाल्लं, की माघार नाही. जावई शंभर वर्षांचा, व्याही हजार वर्षांचा, असं आमच्याकडे म्हणतात. कोबेगेननं मुद्दाम भला मोठा घास कोंबला आणि ब्रिगेडच्या सेनापतीच्या हनुवटीवरून चरबी ओघळली.

“व्याही, गणवेश सांभाळा! सरकारचा आहे!” कोबेगेन म्हणाला, आणि अख्खं घर हसून लोळायचं बाकी राहिलं.

लग्न झालं आणि सुनेच्या एका गोष्टीनं सासऱ्याला चेव चढला. आमच्याकडे सून सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घेत नाही. मेली तरी घेत नाही. बाल्ताबेकच्या नावात ‘बाल्ता’, म्हणजे कुऱ्हाड, म्हणून झुपार कुऱ्हाडीलाही कुऱ्हाड म्हणेना. “आई, फोड्या कुठे ठेवलाय?” ती सासूला विचारी आणि बाल्ताबेक पोट धरून हसे.

“अगं, तू मास्तरीण ना? पोरांना नवा जमाना शिकवतेस ना? मग हाक मार मला नावानं! मी परवानगी देतो.”

“नवा जमाना शाळेत, मामंजी. घरात तुम्ही आहात.”

“बरं, पैज! ज्या दिवशी माझं नाव घेशील त्या दिवशी कळपातली तुला आवडेल ती घोडी तुझी.”

कोबेगेन कोपऱ्यात बसून कुमिस, घोडीचं आंबवलेलं दूध, पीत होता. तो मिशी पुसत म्हणाला, “व्याही, तुमच्या घोड्या निर्धास्त चरू द्या. पोरगी माझ्यावर गेलीय. तोंड मिटलं की मिटलं.”

ते वर्ष सरलं, पुढचं सरलं, आणि मग धरपकड आली. बाल्ताबेकच्या जुन्या सेनापतीला, ज्यानं त्याला घोड्यावरून तलवार चालवायला शिकवली त्याला, भर सभेत हेर ठरवलं. हात वर करा म्हणाले. सगळ्यांचे वर गेले, बाल्ताबेकचाही गेला. सुक्याबरोबर ओलंही जळतं, अशी त्यानं मनाची समजूत घातली. पानगळीला निळ्या टोपीवाले गुप्त पोलीस त्याच्याच दारात उभे राहिले.

त्याला मारलं. किती आणि कसं ते सांगण्यात काही अर्थ नाही. मार त्यानं सोसला, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. जे सोसवेना ते जागरण. भिंतीशी उभं करायचे, डोळा लागला की बादलीभर पाणी. “कटात कोण होतं? एक नाव दे. झोपू देतो.” अधिकारी बदलायचे, प्रश्न तोच.

आणि तिथे भिंतीशी उभ्या उभ्या बाल्ताबेकनं हिशेब मांडला. सेनापतीचा हिशेब! आपल्या अधिकाऱ्यांपैकी कुणाचं नाव दिलं, तर तो आणखी दहांची देईल, रेजिमेंटच्या रेजिमेंट साफ होईल. मग द्यायचं कुणाचं? असा माणूस हवा, की नाव ऐकून हे लोक हसतील. अंगठाबहाद्दर, कुरणात पडलेला. त्याला कट म्हणजे काय हे समजावून सांगण्यातच दिवस जाईल. एवढ्या लांब, एका घोडेराख्यासाठी, कोण जातंय? लढाईतही तो हेच करत आला होता: मार बसणारच असेल, तर सगळ्यांत स्वस्त पडेल ती तुकडी पुढे सारायची. आणि शिवाय आपलाच माणूस. व्याही. समजून घेईल.

“कोबेगेन,” तो म्हणाला.

कुणी हसलं नाही. अधिकाऱ्यानं नाव लिहून घेतलं, गावही लिहून घेतलं, आणि शब्द पाळला. बाल्ताबेकला खाट मिळाली, घोंगडी मिळाली. आणि तो झोपला. त्या झोपेची आठवण आली, की आजही त्याला स्वतःची किळस येई. तळमळला असता, रडला असता, तर निदान माणूस म्हणवून घेता आलं असतं. तो लहान मुलासारखा गाढ झोपला.

वसंत ऋतूत त्याच अधिकाऱ्यानं जाता जाता सांगितलं, “तुझा तो घोडेराख्या भलताच चिवट निघाला रे. एक नाव दिलं नाही. तुझंसुद्धा नाही. ‘माझे व्याही आहेत’, बस्, एवढाच घोष. संपवला त्याला हिवाळ्यात.”

हे सगळं पोटात घेऊन बाल्ताबेक आज स्वतःच्या घरात, मानाच्या जागी बसला होता. दुइसेनचा मेंढा शिजला. त्याचं मुंडकं ताटात घालून त्याच्यापुढे आलं. लोकांनी त्याचे गोडवे गायले. एक म्हातारा तर म्हणाला, “आपल्या तळावरचा एक माणूस गेला, फक्त कोबेगेन. बाकी कुणाच्या केसाला धक्का लागला नाही. का? तर यानं तोंड उघडलं नाही म्हणून!” सगळ्यांनी माना डोलावल्या. बाल्ताबेकच्या हातात सुरी होती, त्यानं मुंडक्याचा कान कापला आणि रिवाजानं तो कुणाला द्यायचा असतो हेच त्याला आठवेना.

पाहुणे पांगल्यावर राबिगानं चहा ओतला. झुपार बाहेर घोड्यांकडे गेली होती.

“अहो,” राबिगा म्हणाली, “दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. मग हवं तर हाकलून द्या मला.”

“काय झालं?”

“तुम्हाला नेल्यावर दुइसेननं शाळेच्या अंगणात सभा घेतली. जिल्ह्याहून एक जण आला होता, चामड्याच्या कोटातला. घरच्या प्रत्येकानं उभं राहायचं आणि म्हणायचं, अमक्याशी माझं नातं तुटलं. नुसतं ‘नवरा’ म्हटलेलं चालणार नव्हतं, नाव घ्यायचं. मी घेतलं हो. जन्मात कधी तुमचं नाव तोंडातून काढलं नव्हतं, पहिल्यांदा काढलं ते तिथे, असं!” ती रडायला लागली. “एर्मेकनंही घेतलं. तरी त्याला कोळशाच्या खाणीत धाडलंच.”

“बरं केलंत. मीही तेच सांगितलं असतं.”

“झुपारनं नाही घेतलं.”

त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

“उभी राहिली आणि म्हणाली, ‘नातं तोडायचं तर नाव घ्यावं लागेल, आणि नाव मला घेता येत नाही. ते माझे सासरे आहेत.’ लोक खो खो हसले हो! मला वाटलं, सुटली पोरगी. पण तो कोटवाला हसला नाही. शाळेतली नोकरी गेली. कालव्याची माती उपसायला पाठवलं तिला, हात बघा तिचे. आणि पुढच्याच महिन्यात व्याह्यांना नेलं.”

बाल्ताबेकनं कप खाली ठेवला.

“सगळं गाव म्हणालं, पोरीच्या हट्टानं बाप खाल्ला. मीही म्हणाले. एकदा रागाच्या भरात तिच्या तोंडावर म्हणाले, माझी जीभ झडो! तिच्या आईनं तर दार लावून घेतलं. तळाच्या त्या टोकाला राहते विहीणबाई, इथून धूर दिसतो तिच्या चुलीचा. पण पोरगी तिकडे पाऊल टाकत नाही. म्हणते, कुठल्या तोंडानं जाऊ?”

आता सांगा, जमीन दुभंगून माणसाला पोटात घेते असं म्हणतात, ती नेमकी लागते तेव्हा कुठे जाते? आपल्या पापाचं ओझं वाहायला आपली सून आहे, आणि ती ते मुकाट वाहतेय, हे बाल्ताबेकला तेव्हा कळलं. कोठडीत त्यानं सगळी शिक्षा मनातल्या मनात भोगून झाली असं धरलं होतं. ही बाकी होती.

आणि तरीही, माणूस काय चीज असते बघा, त्या रात्री पडल्या पडल्या त्याच्या मनात आलं: गप्प बसलो तर? कोबेगेन गेलाच आहे. रजा संपेल, आपण डिव्हिजनवर जाऊ, पुढे युद्ध लागेल, त्यात आपणही संपू. कुणाला कळणार? गावाला सेनापती हवाय, त्यांना असू दे सेनापती. आणि झुपार? झुपार सोसतेच आहे की. सोसणाऱ्याला सवय होते. मग त्याच्या लक्षात आलं, की आपण पुन्हा तोच हिशेब मांडतोय. स्वस्त कोण पडेल, याचा. तो तोंडावर पांघरूण ओढून पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो शिंगरांच्या दोरीशी गेला. झुपार धार काढायला निघाली होती. घोडीची धार काढायची तर शिंगराला आधी दोन घोट पिऊ द्यावं लागतं, आणि मग ते बाजूलाच धरून ठेवावं लागतं. ते दिसलं नाही तर घोडी दूध चोरते. धरायला कुणी नव्हतं. बाल्ताबेकनं शिंगराच्या गळ्यातली दोरी हातात घेतली.

“मामंजी, तुम्ही नका. लोक बघतील.”

“बघू दे. लहानपणी मी आणि तुझा बाप हेच करायचो.”

बापाचा विषय निघाला आणि ती क्षणभर थबकली. मग एक गुडघा टेकून, बादली हाताला अडकवून ती घोडीच्या पोटाशी वाकली. बादलीत धार वाजू लागली. ती बोलली तेही घोडीच्या कुशीत तोंड ठेवूनच.

“मामंजी, एक मागू?”

“माग.”

“तुमचा शब्द आता वर चालतो. माझ्या बाबांचं... आम्हाला एवढंच सांगितलंय, दहा वर्षांची शिक्षा, पत्र मिळणार नाही. तुम्ही लिहा ना वरच्यांना, की चूक त्या म्हाताऱ्याची नाही, पोरीची आहे. नाव मी घेतलं नाही. आता घेते. कचेरीत घेते, सभेत घेते, म्हणाल तिथे घेते. तुम्ही फक्त परवानगी द्या.”

“चूक तुझी नाही.”

“तोंडावर सगळे असंच म्हणतात.”

“झुपार.” त्यानं दोरी घट्ट धरली. “तुझ्या बापाचं नाव मी दिलं.”

धार थांबली. “कुणाला?”

“त्यांना. कोठडीत. तुझी सभा झाली नसती तरी त्याला नेलंच असतं. तू माझं नाव शंभरदा घेतलं असतंस तरी नेलंच असतं. ते मी केलं. तुझा काहीही संबंध नाही.”

घोडीनं शेपूट झटकली. शिंगरू दोरीला हिसडे देत होतं. झुपारनं घोडीच्या कुशीतून तोंड काढलं नाही.

“मारलं म्हणून?” तिनं विचारलं.

‘हो’ म्हणता आलं असतं. ते खोटंही नव्हतं. “मारलं. पण दिलं ते झोपेसाठी. मला झोप हवी होती.”

“बाबांचंच का?”

“मला वाटलं, त्याच्यासाठी एवढ्या लांब कोण येतंय.”

“स्वस्त वाटले,” ती म्हणाली.

शिंगरानं मान झटकली, त्यानं दोरी आखडून धरली.

“बाबा आहेत कुठे?”

“नाही तो. त्याच हिवाळ्यात... दहा वर्षं वगैरे सगळं खोटं. तुझ्या बापानं एक नाव दिलं नाही, झुपार. माझंसुद्धा नाही. शेवटपर्यंत म्हणत होता, माझे व्याही आहेत.”

तो वाट बघत राहिला. ती ओरडेल, तोंडावर थुंकेल, बादली अंगावर भिरकावेल. त्यानं अंगसुद्धा चोरलं नाही. तिनं काही केलं असतं तर त्याला बरंच वाटलं असतं. पण घोडी अर्धी पिळून सोडत नाहीत. झुपारनं पुन्हा आचळाला हात घातला. धार सुरू झाली. मधूनच तिचे खांदे हलायचे, मग धार वाकडी जाई आणि दूध गवतावर सांडे. उरलेलं दूध तिनं शेवटच्या थेंबापर्यंत काढलं.

मग ती उठली. बादली खाली ठेवली आणि ओले हात झग्याला पुसले. आमच्याकडे सून सासऱ्याच्या पुढून जात नाही, मागून वळसा घेते; इतकी वर्षं तीही घ्यायची. आज ती सरळ त्याच्या पुढून गेली, त्याची वाट कापून. चार पावलांवर थांबून तिनं तळाच्या टोकाकडे पाहिलं. तिथे आईच्या चुलीचा धूर निघत होता. मग ती वळली आणि लग्नानंतर पहिल्यांदा तिनं त्याच्या डोळ्यांत डोळे घालून बघितलं.

“शिंगरू सोड, बाल्ताबेक,” ती म्हणाली.

त्यानं दोरी सोडली. शिंगरू धावत आईच्या पोटाशी गेलं, आणि झुपार धुराच्या दिशेनं चालू लागली.